बुकमार्क उडाले? आधी नेट काढा

जुलैचा शेवटचा आठवडा. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारण जुलैअखेर संपते, त्यामुळे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या सेवा केंद्राबाहेर सकाळी सातपासून चपलांचा ढीग. दुपारी आभाळ आलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच म्हातारी झालेली, तिनं पाच मिनिटांत मान टाकली आणि कॉम्प्युटर चालू कामातच बंद पडला. तासाभरानं लाइट आली, मी क्रोम उघडलं, तर वरची बुकमार्कची पट्टी कोरी. एकही खूण नाही.

बाकावर बसलेले काकाजी म्हणाले, "काऊन रे भाऊ, असा काऊन पाहून राहिला? लिंक डाऊन हाये काय?"

"लिंक हाये काकाजी. माह्या खुणाच पुसल्या गेल्या."

त्या दिवशी खुणा परत मिळाल्या, त्याही फारसं डोकं न लावता. नंतर तालुक्यातल्या दोन-चार नव्या ऑपरेटर पोरांवर हीच वेळ आली. त्यांतल्या दोघांचे बुकमार्क मात्र कायमचे गेले, कारण घाबरून त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत नको ते केलं. हे लिहितोय ते अशा नव्या लोकांसाठी. केंद्र चालवणारे असोत, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारे असोत, की घरच्या लॅपटॉपवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणारी कॉलेजची मुलं.

ज्यांना शब्दच नवा आहे त्यांच्यासाठी एका ओळीत: बुकमार्क म्हणजे एखाद्या वेबसाइटचा पत्ता ब्राउझरमध्ये जपून ठेवलेला, की पुढच्या वेळी एका क्लिकवर तिथं जाता यावं. माझ्याकडे असे १४० च्या आसपास होते. महाभूलेख, डिजिटल सातबारा, आपले सरकार, महाडीबीटी, पीएम किसान, पीक विमा, अकोल्याचं कृषी विद्यापीठ, नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र, शिवाय प्रत्येक खात्याचं वेगळं फोल्डर. कोणी म्हणेल, त्यात काय, गूगलवर शोधायचं. शोधा ना. 'सातबारा' टाकलं की वर जाहिराती येतात, सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या भलत्याच साइट येतात, त्या तुमच्याकडून मोबाइल नंबर मागतात, काही पैसेही मागतात. गर्दीच्या वेळी अशा साइटवर शेतकऱ्याचा आधार नंबर टाकून बसलात तर बुकमार्क गेल्यापेक्षा मोठा घोळ होतो. एकदा तपासून ठेवलेली खूण असली की ही भानगडच उरत नाही.

पहिली दहा मिनिटं

विहिरीत बादली पडली तर आपण पाणी ढवळत नाही. शेजाऱ्याकडून गळ आणतो, पाणी थिरावू देतो, मग हळूच टाकतो. इथंही तसंच.

सगळ्यात आधी नेट काढा. वायर असेल तर वायर उपसा, डोंगल असेल तर डोंगल, मोबाइलचा हॉटस्पॉट असेल तर तो बंद. कारण असं की तुमचं क्रोम गूगल अकाउंटशी जोडलेलं असेल, म्हणजे सिंक चालू असेल, तर इथं पुसलं गेलेलं थोड्याच वेळात अकाउंटमधूनही पुसलं जातं आणि तिथून तुमच्या मोबाइलमधूनही. उलटही होतं. मोबाइलमध्ये पोराच्या हातून काही डिलीट झालं की ते कॉम्प्युटरवर पोचतं. सिंक हा बॅकअप आहे असं अनेकांना वाटतं. तो आरसा आहे. तुम्ही तोंड वाकडं केलं की तोही करतो.

मग: नवीन बुकमार्क टाकू नका. एकही नाही. का, ते खाली येईलच. आत्ता फक्त पाहायचं आहे, बदलायचं काहीच नाही.

याला अपवाद एकच. तुम्हीच आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, चुकून फोल्डर डिलीट केलं असेल आणि क्रोम अजून बंद केलेलं नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबून बुकमार्क मॅनेजर उघडा आणि कंट्रोल-झेड दाबा. गेलेलं फोल्डर जागच्या जागी परत येतं. क्रोम एकदा बंद केलं की ही सोय संपते.

खरंच गेले, की दिसत नाहीत?

माझा अनुभव विचाराल तर दहातल्या सहा-सात जणांचे बुकमार्क कुठंही गेलेले नसतात. म्हणून आधी साध्या गोष्टी.

कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबून पाहा. याच बटणांनी बुकमार्कची पट्टी लपते आणि दिसते, आणि बटणं चुकून दाबली जाणं अगदी सहज आहे. पट्टी आली तर चहा प्या, पुढचं वाचायची गरज नाही.

पट्टी आली पण कोरी असेल तर उजव्या कोपऱ्यात, तीन टिंबांच्या शेजारी, एक गोल चित्र किंवा अक्षर दिसतं. ते तुमचं प्रोफाइल. क्रोममध्ये एकाच कॉम्प्युटरवर अनेक प्रोफाइल राहू शकतात आणि प्रत्येकाचे बुकमार्क वेगळे असतात. एका घरात दोन भावांची दोन कपाटं असावीत तसं. सेवा केंद्रावर हा प्रकार फार होतो. कोणाचा तरी पोट्टा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला येतो, त्याचा जीमेल उघडून ओटीपी पाहायचा असतो, आपण त्याचं अकाउंट टाकतो, क्रोम मध्येच विचारतं की नवीन प्रोफाइल करू का, आपण घाईत 'हो' दाबतो. झालं. आता जी खिडकी उघडली ती त्या पोराची. पट्टी कोरी असणारच. त्या गोल चित्रावर क्लिक करा, खाली बाकीच्या प्रोफाइलची नावं दिसतील, आपल्या नावावर क्लिक करा.

तिथंच 'गेस्ट' असं लिहिलेलं दिसलं तर तुम्ही पाहुण्याच्या खिडकीत आहात. ती बंद करून नेहमीसारखं क्रोम उघडा. गेस्टमध्ये काही टिकत नाही. आणि हो, गिऱ्हाइकाचा मेल उघडायचा असेल तर मुद्दाम गेस्ट खिडकीतच उघडावा. त्याचंही भलं, आपलंही.

अकाउंटमधून बाहेर पडलेले असाल तरी बुकमार्क दिसेनासे होतात, विशेषतः नव्या क्रोममध्ये, जिथं अकाउंटचे बुकमार्क वेगळे आणि त्या यंत्रावरचे वेगळे असं असतं. गोल चित्राच्या जागी 'साइन इन' दिसत असेल तर हीच शक्यता. याच्यासाठी मात्र नेट परत लावावं लागेल, म्हणून ते शेवटी करा, आधी खालची नक्कल काढून ठेवा.

आणखी एक प्रकार, जो लाइट गेल्यावर हमखास होतो. कॉम्प्युटर चालू केल्यावर डेस्कटॉपही अनोळखी दिसतो, तुमच्या फायली नाहीत, मागचं चित्र बदललेलं. विंडोजनं तुमचं खातं न उघडता तात्पुरतं खातं उघडलंय. कधी कोपऱ्यात तसा संदेशही येतो. अशा वेळी त्या खात्यात काहीही सेव्ह करू नका, बाहेर पडलात की ते पुसलं जातं. कॉम्प्युटर एक-दोनदा रीस्टार्ट करा. बऱ्याचदा तेवढ्यानं जुनं खातं परत येतं. नाहीच आलं तरी तुमच्या फायली सी ड्राइव्हमधल्या 'यूझर्स' फोल्डरात तुमच्या नावाखाली बहुतेक जिवंत असतात.

खुणा राहतात कुठं

इथपर्यंत काही सापडलं नाही तर आता मूळ फाइलकडे जायचं. याला लोक भितात, पण हे काम सातबाऱ्यावरचा फेरफार वाचण्याहून सोपं आहे.

क्रोम पूर्ण बंद करा. वरच्या फुलीवर क्लिक केलं तरी ते कधी कधी मागे चालू राहतं, म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये क्रोमचं नाव उरलं आहे का पाहा. असेल तर 'एंड टास्क'.

आता विंडोजचं बटण आणि आर दाबा. छोटी चौकट येईल. त्यात टक्क्याचं चिन्ह, मग लोकलअॅपडेटा हा एकच शब्द सलग इंग्रजी अक्षरांत, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह टाकून एंटर करा. हा लांबचा रस्ता अशासाठी की अॅपडेटा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं, नुसतं शोधून ते दिसत नाही. जे फोल्डर उघडेल त्यात आत आत जा: गूगल, मग क्रोम, मग यूझर डेटा, मग डिफॉल्ट. एकाहून जास्त प्रोफाइल असतील तर डिफॉल्टच्या जोडीला 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २' अशीही फोल्डरं असतात. आपलं कोणतं, हे कळत नसेल तर प्रत्येकात डोकवा.

या फोल्डरात फायलींचा बाजार भरलेला असतो. त्यांतल्या दोनच आपल्या कामाच्या. एक 'बुकमार्क्स', जिच्या नावापुढे काही नाही. दुसरी 'बुकमार्क्स डॉट बॅक', इंग्रजीत बी-ए-के. पहिली चालू फाइल, दुसरी मागची नक्कल. नव्या क्रोममध्ये 'अकाउंटबुकमार्क्स' नावाचीही दिसू शकते. दिसली तर तीही धरा.

काही करण्याआधी या सगळ्या कॉपी करून पेनड्राइव्हवर टाका. हे झालं की अर्धा जीव भांड्यात पडला समजा, कारण आता काही बिघडलं तरी मूळ माल हातात आहे.

आता ती डॉट बॅक फाइल कशी बनते ते सांगतो, कारण सगळा डाव तिच्यावर आहे. क्रोम उघडल्यानंतर तुम्ही बुकमार्कमध्ये पहिला बदल करता, म्हणजे नवा टाकता, एखादा काढता, नाव बदलता, तेव्हा क्रोम तो बदल लिहिण्याआधी जुनी 'बुकमार्क्स' फाइल उचलून डॉट बॅक म्हणून ठेवतं. आधीची डॉट बॅक त्यात जाते. म्हणजे कोऱ्या पट्टीवर तुम्ही "चला, निदान महाभूलेख तरी परत टाकू" म्हणून एक खूण टाकलीत की कोऱ्या फाइलची नक्कल चांगल्या नक्कलेवर चढते. वर सांगितलेल्या त्या दोन पोरांनी हेच केलं होतं. एकानं तर घाईघाईत पंधरा खुणा नव्यानं टाकल्या होत्या, मेहनती पोरगं.

त्या दिवशी मला काय दिसलं

दोन्ही फायलींचा आकार जवळजवळ सारखा होता. 'बुकमार्क्स' ६१ केबी, डॉट बॅक ६० केबी. मी खूश झालो, म्हटलं फाइल शाबूत आहे. मग राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडली तर आत नुसती कोरी जागा. कर्सर खाली खाली नेला तरी अक्षर नाही. लाइट अचानक गेली की असं होतं. फाइलसाठी डिस्कवर जागा धरलेली असते, पण मजकूर लिहून व्हायच्या आत यंत्र बंद पडतं. म्हणून नुसत्या आकारावर विसंबू नका, फाइल उघडून बघा.

मग पेनड्राइव्हवरची डॉट बॅक उघडली. महिरपी कंस, अवतरण चिन्हं, इंग्रजी शब्द, आणि त्या गर्दीत मधूनच मराठी: 'सातबारा दारव्हा'. खाली 'पीक विमा २'. त्याखाली 'हवामान नागपूर'. माझीच नावं, मीच दिलेली. काकाजींना वाटलं असेल याला काय झालं एकदम, कारण मी एकटाच हसत होतो.

तुमच्या डॉट बॅकमध्येही ओळखीची नावं दिसली तर परत मिळवायची कृती अशी.

'डिफॉल्ट' फोल्डरातल्या बिघडलेल्या 'बुकमार्क्स' फाइलचं नाव बदलून 'बुकमार्क्स-खराब' असं काहीही ठेवा. डिलीट करू नका. मग डॉट बॅकची नक्कल त्याच फोल्डरात करा आणि त्या नक्कलेच्या नावातून शेपूट काढून नुसतं 'बुकमार्क्स' ठेवा. इंग्रजी स्पेलिंग हुबेहूब हवं, पहिलं अक्षर मोठं. विंडोज घाबरवेल की एक्स्टेन्शन बदललं तर फाइल निकामी होऊ शकते, तिथं 'येस' म्हणा. काही कॉम्प्युटरवर शेपूट दिसतच नाही. तेव्हा वरच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर टिक करा. नाहीतर नाव बदलल्यासारखं वाटतं पण बदलत नाही, आणि माणूस अर्धा तास गोंधळतो.

नेट अजून बंदच आहे ना? मग क्रोम उघडा. खुणा दिसतील. दिसल्या की हरखून नेट लावू नका. आधी कंट्रोल-शिफ्ट-ओ, मग बुकमार्क मॅनेजरच्या उजव्या कोपऱ्यातली तीन टिंबं. इथं एक गंमत आहे. एकावर एक दोन ठिकाणी तीन टिंबं असतात, वरची क्रोमची आणि खालची निळ्या किंवा रंगीत पट्टीलगतची बुकमार्क मॅनेजरची. आपल्याला खालची हवी. त्यात 'एक्सपोर्ट बुकमार्क्स'. एक एचटीएमएल फाइल तयार होईल, ती पेनड्राइव्हवर ठेवा. ही फाइल हाती आली की काम फत्ते. आता नेट लावल्यावर सिंकनं पुन्हा सगळं पुसलं तरी त्याच तीन टिंबांतून 'इम्पोर्ट बुकमार्क्स' करून ती फाइल देता येते. इम्पोर्ट केलेले बुकमार्क कधी 'इम्पोर्टेड' नावाच्या फोल्डरात जाऊन बसतात, तिथून ओढून बाहेर काढायचे.

मला १४० पैकी त्या दिवशी सकाळपासून टाकलेल्या दोन-तीन सोडून सगळ्या मिळाल्या. त्या दोन-तीन कोणत्या होत्या, ते अजून आठवलं नाही, म्हणजे गरज नसावी.

एज आणि फायरफॉक्सवाले

एजमध्ये बुकमार्कला 'फेव्हरिट्स' म्हणतात, पण आतली रचना क्रोमसारखीच आहे. रस्ता तेवढा वेगळा: गूगलऐवजी मायक्रोसॉफ्ट, क्रोमऐवजी एज, पुढे तेच यूझर डेटा आणि डिफॉल्ट. बाकी कृती वरचीच.

फायरफॉक्सवाले नशीबवान. फायरफॉक्स स्वतःहून बुकमार्कच्या तारखेवार नकला ठेवतं, १५ पर्यंत. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून लायब्ररी उघडा, 'इम्पोर्ट अँड बॅकअप' मध्ये जा, 'रिस्टोर' वर न्या, तारखांची यादी येईल. ज्या दिवशी सगळं ठीक होतं तो दिवस निवडा. लक्षात ठेवा, रिस्टोर केलं की सध्याचे बुकमार्क जाऊन त्या तारखेचे येतात, दोन्ही मिसळत नाहीत. म्हणून आधी त्याच मेनूतून आजची नक्कल काढा. फायरफॉक्स नव्यानं टाकल्यावर सगळं कोरं दिसलं तर ते नवं प्रोफाइल असण्याची शक्यता मोठी. पत्त्याच्या जागी इंग्रजीत अबाउट, कोलन, प्रोफाइल्स असं सलग टाकलं की जुनी प्रोफाइलं दिसतात.

डॉट बॅकही कोरी निघाली तर

घरात किंवा दुकानात दुसरा कॉम्प्युटर, जुना मोबाइल, बंद पडलेला टॅब असं काही आहे का, ज्यात तुमचंच अकाउंट होतं आणि जे चार-आठ दिवसांत नेटला लागलेलं नाही? तर तिथं तुमचे बुकमार्क अजून जसेच्या तसे असू शकतात. मोबाइल असेल तर सिम काढून, वायफाय नसलेल्या ठिकाणी चालू करा आणि लगेच फ्लाइट मोडवर टाका. वायफायच्या टप्प्यात चालू केलात तर तो आधी नेट पकडतो आणि मग पुसणं पोचतं. मग क्रोम उघडा. लॅपटॉप असेल तर सरळ एक्सपोर्ट करा. मोबाइलमधून एक्सपोर्ट होत नाही, पण पत्ते वहीत उतरवून घेता येतात. आमच्या इथल्या एका मॅडमनी असे ऐंशी पत्ते उतरवले. कंटाळवाणं आहे, पण मिळाले.

गूगल टेकआउट नावाची सोय आहे, तिथून अकाउंटमधले बुकमार्क फाइलच्या रूपात उतरवता येतात. मात्र ती आजचंच चित्र देते, परवाचं नाही. अकाउंटमध्ये अजून असतील आणि यंत्रावर नसतील, तेव्हाच तिचा उपयोग.

कोणी विंडोज नव्यानं टाकून दिलं असेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर आहे का पाहा. त्यात यूझर्स, मग तुमचं नाव, मग अॅपडेटा, लोकल असा तोच रस्ता. विंडोज अपग्रेड झालं असेल तर हे फोल्डर साधारण १० दिवसच राहतं, नंतर आपोआप जातं. दुरुस्तीवाल्यानं ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट मारला असेल तर जुन्या हार्ड डिस्कवर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं काही मिळू शकतं, मात्र त्या डिस्कवर नवीन काही टाकायचं नाही. एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, आशा फार कमी. पुसलेल्या जागा ती स्वतःच साफ करून टाकते. मी स्वतः एकदा फॉरमॅटवाल्याला "डेटा घेतलास ना?" विचारलं होतं, तो "हो" म्हणाला होता. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतलं होतं त्यानं. अॅपडेटा कोण घेतं? दुरुस्तीला देण्याआधी बुकमार्क आपणच एक्सपोर्ट करायचे, त्याच्यावर सोडायचं नाही.

मग उरते हिस्ट्री. कंट्रोल-एच. क्रोम तुम्ही भेट दिलेल्या साइटची नोंद त्या यंत्रावर ९० दिवस ठेवतं. म्हणजे रोजच्या वापरातल्या सगळ्या साइट तिथं सापडतील. शोधाच्या जागी इंग्रजीत जीओव्ही टाका, सरकारी साइटची यादीच समोर येते. वर्षातून एकदा लागणाऱ्या साइट मात्र त्यात नसतील. जुलैतली पीक विम्याची साइट जानेवारीत हिस्ट्रीत शोधून उपयोग नाही.

नव्यानं बसवताना

सगळे मार्ग संपले आणि खुणा नव्यानंच टाकायच्या असतील तर दोन-तीन गोष्टी सांभाळा.

लॉगिन झाल्यानंतरच्या पानाची खूण टाकू नका. दुसऱ्या दिवशी क्लिक केलं की 'सेशन एक्स्पायर्ड' येतं आणि नवा माणूस समजतो की साइटच बंद आहे. खूण नेहमी पहिल्या पानाची. पत्ता नीट वाचा, केंद्र आणि राज्य सरकारच्या मुख्य साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन वर संपतो. त्याच्या आधी काय आहे ते नको पाहू असं नाही, पण शेवट आधी पाहा.

खुणेला नाव आपल्या भाषेत द्या. साइट आपोआप जे लांबलचक इंग्रजी नाव देते ते पट्टीवर अर्धं कापलं जातं आणि सगळ्या खुणा सारख्याच दिसतात. मी 'सातबारा अमरावती' आणि 'सातबारा नागपूर' अशा दोन ठेवल्या होत्या. विनास्वाक्षरीत, म्हणजे सहीशिवायच्या, सातबाऱ्यासाठी महाभूलेखवर आधी विभाग निवडावा लागायचा. यवतमाळ अमरावती विभागात, आणि आमच्याकडे सोयरिकी असलेला वर्धा जिल्हा नागपूर विभागात. "पोराच्या सासऱ्याचा सातबारा निंघत नाही" म्हणून बसलेल्या माणसाचा विभागच चुकलेला असायचा, हे नव्या ऑपरेटरला महिनाभर कळायचं नाही. नाव नीट असलं की चुकत नाही.

आणि एक्सपोर्ट. महिन्यातून एकदा, मी १ तारखेला करतो, कारण त्या दिवशी वहीचा हिशेबही मांडायचा असतो. फाइलचं नाव तारखेसकट ठेवतो, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःलाच मेल करतो. दोन मिनिटांचं काम. या फाइलमध्ये पासवर्ड नसतात, फक्त पत्ते आणि नावं असतात, म्हणून दुसऱ्या ऑपरेटरला द्यायलाही हरकत नाही. नवीन पोरगा कामाला लागला की मी त्याच्या प्रोफाइलमध्ये तीच फाइल इम्पोर्ट करून देतो. जुन्या फायली लगेच पुसत नाही, निदान सहा महिन्यांच्या ठेवतो. एखादं फोल्डर मार्चमध्ये चुकून उडालेलं असतं आणि कळतं ऑगस्टमध्ये.

मोबाइलवर क्रोम वापरणाऱ्यांना एक्सपोर्टची सोय नाही, म्हणून त्यांनी सिंक चालू ठेवून कधीमधी कॉम्प्युटरवरून एक्सपोर्ट करावं. मोबाइलवर टाकलेल्या खुणा तिथं 'मोबाइल बुकमार्क्स' नावाच्या फोल्डरात दिसतात. आणि फोन हळू चालतो म्हणून सेटिंगमध्ये जाऊन क्रोमचा 'क्लिअर डेटा' दाबायची सवय असेल तर ती मोडा. 'क्लिअर कॅशे' चालेल. 'डेटा' दाबला की त्या फोनवर जे होतं ते सगळं साफ होतं, आणि मोबाइलमध्ये डॉट बॅक शोधायला आपल्याला आत शिरता येत नाही.